श्रीरंगची रिकामी खुर्ची

एका गावात, नदीच्या अगदी काठाला, श्रीरंग नावाचा प्रोग्रामर, त्याची बायको कुमुद आणि म्हातारी आई अशी तिघं राहायची. वरच्या अंगाला धरण. पाणी सोडलं की नदी चढायची, पण आवाज म्हणून करायची नाही. गेल्या साली दोन म्हशी वाहून गेल्या.

गाव म्हणालं, "श्रीरंगा, नदीत खांब रोवलाय. त्याच्या तांबड्या खुणेला पाणी लागलं की देवळावरचा भोंगा वाजला पाहिजे. धरण भरायच्या आत तेवढा प्रोग्राम लिही, बाबा."

आई रोज घाटावर धुणं न्यायची. कुमुदचा जीव टांगणीला.

श्रीरंगची मात्र आधी मांडामांड. संगणकाच्या पडद्यावरच्या अक्षरांना रंग हवेत. अर्धे टाइप केलेले शब्द पुरे करणारा मदतनीस प्रोग्राम हवा. त्याला चालायला दुसरा हवा, दुसऱ्याला तिसरा. एकाला नवं केलं की बाकीचे रुसायचे. महिना गेला, प्रोग्रामची एक ओळ नाही.

"अहो, लिहिणार कधी?"

"तयारी होऊ दे, मग लिहितो."

एका भर दुपारी कुमुदनं हाक मारली, "जेवायला येता ना?"

आतून त्याच्याच आवाजात आलं, "तयारी होऊ दे, मग येतो."

दार ढकललं, तर खुर्ची रिकामी! कीबोर्डची बटणं आपली आपण खाली-वर होत होती. पडद्यावर उमटत होतं, 'आणखी काय हवं?' आणि काचेच्या आत, पार खोल, पाठमोरा श्रीरंग काहीतरी जुळवत बसलेला. हाका मारून तिचा घसा बसला. तो वळला नाही.

कुमुदनं पदर खोचला. श्रीरंगनं तिला पूर्वी ज्यावर लिहायला शिकवलं होतं, तो माळ्यावरचा जुना संगणक उतरवला. सुरू केला की कोरं पान, खाली एक बटण, 'चालवा'. बस्स. तिनं वीस ओळी लिहिल्या, खांबाची नि भोंग्याची तार जोडली, बटण दाबलं.

भोंगा लगेच किंचाळला. चुकलं वाटतं, म्हणून तिनं खिडकीतून पाहिलं. नदी मुकाट्यानं घाटाच्या पायऱ्या गिळत वर येत होती.

घाटावरची आई धुणं टाकून घराकडे धावत सुटली. इकडे काचेतला श्रीरंग दचकून वळला, "आई!" म्हणून ओरडला, आणि काचेतून निसटून धडपडत खोलीबाहेर आला. केस पांढरेफटक.

"मी आले रे," आई धापा टाकत म्हणाली. "तू कुठं होतास?"

"तयारीत," तो म्हणाला, आणि रडला.

श्रीरंगचा तो संगणक आता कापडाखाली असतो. कधी दुपारी आत बटणं वाजतात. कुणी ओ देत नाही. काठच्या अकरा गावांनी कुमुदकडून भोंगे लावून घेतले, उंचावर नवं घर झालं, आणि श्रीरंग तिच्या शेजारी कोऱ्या पानावर लिहू लागला.

तात्पर्य: हातात घेताच काम सुरू होईल असं साधं साधन निवडावं, नुसत्या मांडामांडीत रमणाऱ्याचं काम तर राहतंच, एक दिवस माणूसही हरवतो.