बरणीतली सोन्याची पाने

एकदा एक शिष्य प्रयोगशाळेत आपल्या गुरूंची वाट पाहत उभा होता. तो श्रावण होता की भाद्रपद, हे त्याला पुढे कधीच खात्रीने सांगता आले नाही. आपली स्मृती दगा देते, अशी धास्ती त्याला कायम असे. एवढे मात्र पक्के, की दुपारी विद्वान मंडळी येणार होती आणि त्यांच्यासमोर तो एका नव्या किरणोत्सारी मूलद्रव्याची घोषणा करणार होता. कित्येक वर्षे खनिज कुटून, उकळून त्याने रेडियम वेगळे काढले होते. आता टेकडीवरच्या एका साध्या काळ्या दगडातही त्याला किरण सापडले होते.

गुरू आले. टेबलावर काचेची बरणी होती, आत सोन्याची दोन पातळ पाने. विजेचा भार दिला की ती फाकत. किरण सोडणारी वस्तू जवळ आली की हळूहळू मिटत. शिष्याने दगड बरणीपाशी धरला. पाने मिटली.

गुरूंनी तो दगड उचलला आणि खिडकीतून बाहेर भिरकावला.

"गुरुजी, अहो, मंडळी येतील आता..."

"येऊ देत. दगड आणायला पळतोस कुठे? पुन्हा भार दे."

पाने फाकली. दोघे पाहत राहिले. पाने मिटू लागली.

"दगड तर जास्वंदीखाली पडलाय. मग हे कोण करतंय?" गुरूंनी विचारले.

शिष्याने बरणीभोवती पाहिले; टेबलावर दुसरे काहीच नव्हते.

"पुन्हा भार दे, आणि जरा दाराबाहेर जाऊन उभा राहा."

उंबऱ्यापलीकडून त्याने मान उंचावून पाहिले. पाने फाकलेलीच होती.

"ज्याच्या मागे लागावं ते अंगाला चिकटतं," गुरू म्हणाले. "मग ते दगडात दिसतं, भिंतीतही दिसतं. म्हणून आधी स्वतःला मोजावं. आज घोषणा नाही. लाज वाटतेय? वाटू दे. दुपारनंतर वाटली असती तर जन्मभर पुरली असती."

शिष्याने रेडियमची धूळ बसलेला कोट उतरवला, कोपरापर्यंत हात धुतले, गुरूंचा धुतलेला सदरा घातला आणि परत बरणीपाशी बसला. पाने मिटतच होती, फक्त अधिक सावकाश.

"हे उरलेलं कुठून येतं, गुरुजी?"

गुरूंनी मान हलवली. "ठाऊक नाही. मंडळींना हेही सांगू."

ते उरलेले कुठून येत होते, हे पुष्कळ वर्षांनी त्याने तपासले. आधी एका विद्यार्थ्याचा श्वास बरणीत भरला. पाने फाकलेलीच राहिली. मग स्वतःचा भरला. पाने मिटली. रेडियम त्याच्या हाडांत जाऊन बसले होते आणि त्यातून निघणारा किरणोत्सारी वायू श्वासावाटे बाहेर पडत होता.