बिळाच्या तोंडाशी मांडलेला डाव

डोंगराच्या उतरणीवर करवंदीची दाट जाळी होती आणि त्या जाळीखालच्या, पुढे-मागे दोन तोंडं असलेल्या बिळात एक सशीण आपल्या एकुलत्या एका पिल्लाला घेऊन राहत असे. पिल्लाच्या बापाला कोल्ह्यानं नेलं होतं. तेव्हापासून तिनं असा धसका घेतला की पिल्लाला बाहेर पाऊल म्हणून टाकू देईना. कोवळा पाला तिनंच आणायचा, ह्यानं आत बसून खायचा. बिळाच्या तोंडातून खालचं कुरण दिसे. तिथे इतर पिल्लं कोलांट्या मारत, भांडत, लोळत, आणि हे बिचारं दिवसभर टक लावून बघत बसे. "आई, ते गवत पायाला कसं लागतं गं?" त्यानं एकदा विचारलं. मुलांनो, काय सांगणार ती माउली? तिनं थोडं गवत आणून त्याच्या पायाखाली पसरलं, पण त्याला सोडलं मात्र नाही.

पोरानं बसल्या जागी रमावं म्हणून तिनं शेजारच्या म्हाताऱ्या कासवाला गळ घातली, "काका, तुमचं ते बुद्धिबळ शिकवा ह्याला. तेवढाच घरात टिकेल." कासवानं बिळाच्या तोंडाशी मातीत नखानं पट आखला. प्यादी म्हणून गुंजा, घोडे म्हणून सागरगोटे, राजा म्हणून हिरडा. पिल्लू खेळायला लागलं, पण कसं? आईनं त्याला वाढवलं अगदी तसं! राजाला कोपऱ्यात घातलं आणि त्याच्याभोवती आपलीच प्यादी, आपलाच हत्ती खेटून उभा केला. "आता बघू कोण हात लावतं ते!" कासवाचा घोडा टुणकन उडी मारून आला. "शह आणि मात!"

पिल्लू रडकुंडीला आलं. "असं कसं, आजोबा? त्याच्या जवळसुद्धा कोणी आलं नाही!"

"नाही ना आलं? पण पळायला एक तरी घर ठेवलंस का त्याला, बाळा?" कासव म्हणालं. "आणि समोरच्यानं चाल केली की आधी विचारायचं, ह्यानं हे का केलं असेल? मग आपण हलायचं." सशीण पलीकडे पाला निवडत होती. तिनं ते ऐकलं आणि गुपचूप मान खाली घातली. पिल्लू मात्र रोज हरे, रुसे, पुन्हा पटावर येऊन बसे. हळूहळू ते विचार करायला शिकलं. कुरणाकडे बघणं काही सुटलं नाही.

एका दुपारी बिळाच्या पुढच्या तोंडाशी कोल्हा आला. "आत येतोय हं मी! उकरून काढतो तुम्हाला!" अशी आरोळी ठोकून तो खसाखसा माती ओढू लागला. "चल, मागच्या दारानं पळू!" म्हणत सशिणीनं पिल्लाला ओढलं. पिल्लू जागचं हललं नाही. "थांब आई. शिकारीला आलेला कोल्हा ओरडून कशाला सांगेल? आणि वरच्या मातीखाली तर नुसता दगड आहे, तो काय उकरणार, कपाळ? आपण मागून पळावं म्हणूनच ही चाल आहे त्याची." आई थांबली. दोघं एकमेकांना बिलगून बसून राहिली. बऱ्याच वेळानं मागच्या दाराबाहेरून कोल्हीण करवादली, "अहो, निघाले का ते? इथे मुंग्यांनी फोडून काढलं मला!" मग काय, नवराबायकोचं चांगलंच जुंपलं आणि भांडतभांडत दोघं उपाशीपोटी डोंगरापलीकडे निघून गेली.

सशिणीनं पिल्लाला पोटाशी धरलं. ते हळूच म्हणालं, "आई, आता तरी जाऊ मी?" 'नाही' हा शब्द तिच्या अगदी ओठांवर आला होता. तो गिळून ती म्हणाली, "जा. पण आधी चारी बाजूंना बघ हं." "ते केव्हाच बघितलं!" म्हणत पिल्लू सुटलं ते थेट कुरणात. लोळलं काय, धडपडलं काय! एकदाही त्यानं मागे वळून पाहिलं नाही. सशीण बिळाच्या तोंडाशी उभी होती. पोरगं दिसत होतं तरी तिला त्याची आठवण येत होती.

"काका, पोरं घरी परतायला अजून किती वेळ आहे हो?" नेहमीच्या डावासाठी आलेल्या कासवाला तिनं विचारलं.

"बराच आहे, पोरी," कासव म्हणालं आणि तिच्याशेजारी येऊन बसलं.

तात्पर्य : कोंडून ठेवल्यानं मुलं सुरक्षित राहत नाहीत. त्यांना विचार करायला शिकवावं आणि मग, आपला जीव कितीही तुटला तरी, दार उघडावं.