तानाबाईची सव्वा महिन्याची वाट

फार फार वर्षं झाली. पिंपळझरीशेजारी वीजकारखान्याची धुराडी नुकतीच उभी राहिली होती. वीज गेली दूरच्या शहरांना आणि राख आली गावाला. ती पापडांवर पडे, पाण्यात पडे, झोपलेल्याच्या पापण्यांवरही पडे. पावसाळ्यात तिचा असा चिखल होई की बैल पोटापर्यंत रुतत, असं म्हणतात. आणि गाव काय करी? पारावर बसून कारखान्याला शिव्या देई. शिव्यांनी राख हटत असती तर आणखी काय हवं होतं!

तानाबाई गवंडीकाम करी. आदल्या पावसाळ्यात तिच्या सुनेला दवाखान्यात नेणारी बैलबंडी त्या चिखलात अडकली आणि बाळ दगावलं. आता सून पुन्हा पोटुशी होती. तानाबाई पारासमोर येऊन कडाडली, "राख आली, राख आली म्हून नुसते बोंबलता! उचलते कोन?"

कोणी हललं नाही. मग तीच कामाला लागली. तिनं राख चाळली, तिच्यात सिमेंट, रेती आणि गिट्टीची चुरी कालवली आणि लाकडी साच्यातून रस्त्याचे ठोकळे काढले. रोज त्यांना पाणी घाली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला बजावी, "राखेचा ठोकळा सावकाश घट्ट होते. बाळंतीण हाय समजा. सव्वा महिना हलवाचं नाई."

पण धीर धरील ते गाव कसलं! तानाबाई बाजाराला गेली आणि कोणी बडा पाहुणा येणार म्हणून सरपंचानं नवव्या दिवशीच ठोकळे अंथरले. जीप आली आणि सगळ्या ठोकळ्यांचा चुरा झाला. वर सरपंच म्हणतो, "राखेतच दम नाई!"

"नवव्या दिवशी बाळंतिणीले नाचवता, अन् म्हनता पाय लटपटते!" तानाबाई अशी ओरडली की पिंपळावरची सगळी राख झडली आणि तो वर्षात पहिल्यांदा हिरवा दिसला, असं म्हणतात.

तिनं चुरा वेचला, नव्या मालात मिसळला, पुन्हा साचे भरले. या वेळी लाजेकाजेनं का होईना, गाव घागरी घेऊन आलं.

सव्वा महिना भरला त्याच सकाळी सुनेला कळा सुरू झाल्या. बाहेर धो धो पाऊस आणि रस्ता अजून अंथरलेलाच नाही! बंडी तरीही निघाली. गाव रांगेनं ठोकळे पुढे देत होतं, सरपंचसुद्धा, आणि तानाबाई बैलांपुढे उकिडवी बसून ते मांडत चालली होती. चाक टेकायच्या आत खाली ठोकळा असे. अर्धा कोस चाक एकदाही रुतलं नाही, असं म्हणतात. शेवटचा ठोकळा दवाखान्याच्या पायरीला टेकला. दुपारी तानाबाईला नात झाली.

आजही पिंपळझरीत नव्या ठोकळ्यांना सव्वा महिना घरटी एक घागर पाणी पडतं. नव्या रस्त्यावर पहिलं पाऊल टेकवतात ते तान्ह्या बाळाचं. तोवर पुढारी असो की पाहुणा, त्यानं बाजूला चिखलात उभं राहायचं.

तरी दर वेळी नवव्या दिवशी कोणीतरी शहाणा विचारतोच, "आता चालते का?"

मग गावातल्या साऱ्या म्हाताऱ्या एका सुरात खेकसतात, "बाळंतीण हाय, मुडद्या!"