फळ्यावरचा अंदाज

विजेच्या तारा न पोचलेल्या एका डोंगरी गावात एक वीजघर होते. छपरावर सोलरच्या पाट्या, आत बॅटऱ्या. ते रावजी सांभाळत असे.

रोज सकाळी तो आभाळ बघे, वही चाळी आणि आज गिरणी किती तास चालेल ते फळ्यावर लिही. गिरणी तेवढीच चाले. उरलेली वीज दिव्यांना आणि गोजराआत्याच्या श्वासाच्या यंत्राला. यंत्र थांबले की म्हातारीचा दम कोंडे.

रावजी हुशार होता. पण आपला अंदाज चुकला की तो ढगांना बोल लावी. वहीत तो आपण काय सांगितले ते लिही. नंतर काय घडले ते लिहीत नसे.

एका श्रावणात त्याने गेल्या सालची तीच तारीख काढली. तिथे लिहिले होते, ‘गिरणी दिवसभर चालेल.’ त्याने तसेच फळ्यावर उतरवले. गेल्या साली त्या दिवशी गिरणीवर जेमतेम चार डबे आले होते. हे वहीत नव्हते.

या साली दुसऱ्या दिवशी नागपंचमी होती. पंचमीला बाया दळत नाहीत, चिरत नाहीत, तवा ठेवत नाहीत. म्हणून सगळा गाव आदल्या दिवशीच दळायला आला. रांग देवळापर्यंत गेली.

गिरणीवाली हौसाबाई म्हणाली, “भाऊजी, फळा पुसा. गोजराआत्याला वीज उरायची नाही.”

“रावजी लिहिलेले पुसत नाही,” तो म्हणाला.

दिवेलागणीला दिवे लागले आणि लगेच गेले. रावजीला आत्या आठवली. त्याने धावत जाऊन गिरणीचा आणि सगळ्या घरांचा खटका ओढला. बॅटऱ्यांत होती नव्हती ती वीज एका घरात सोडली. मग तो आत्याकडे पळाला. यंत्र पुन्हा घरघरू लागले होते. आत्याचे ओठ निळे पडले होते. तो उशाशी बसून वारा घालू लागला.

बऱ्याच वेळाने आत्याने डोळे उघडले. त्याचा हात धरून हळू म्हणाली, “पंचमी तिथीने येते रे. तारखेने नाही. आज ढगाला बोलू नकोस.”

रावजी उजाडेपर्यंत वारा घालत राहिला.

सकाळी त्याने फळा पुसला. त्यावर लिहिले, ‘काल आभाळ स्वच्छ होते. चूक माझी.’

हौसाबाईने वाचले. “पुसता येतो म्हणायचा फळा,” ती म्हणाली, आणि पंचमीच्या लाह्या त्याच्या हातावर ठेवल्या.

त्या दिवसापासून वहीत दोन रकाने झाले. एकात सांगितलेले, दुसऱ्यात घडलेले. वर तिथी. सण, लग्न काही असले की बाया त्याला आधी सांगू लागल्या. अंदाज तरीही चुके, पण थोडा. आत्याचे यंत्र मात्र पुन्हा थांबले नाही.

तात्पर्य: जो आपली चूक लिहून ठेवतो, त्याचाच उद्याचा अंदाज सुधारतो. आपल्या शब्दावर कुणाचा श्वास चालत असेल, तर शब्द पुसायला लाजू नये.