धुक्यातल्या पुलावरची सोना

फार वर्षांपूर्वी, कॉकेशसच्या डोंगरांवर रशियाच्या झारची सत्ता होती तेव्हा, ओढ्याच्या दोन काठांवर वसलेल्या एका गावात सोना नावाची सुईण राहायची. एका काठावर ख्रिस्ती आर्मेनियन, दुसऱ्यावर मुसलमान अझरबैजानी. सोना हे नाव दोघांतही ठेवतात. ती चर्चमध्ये मेणबत्ती लावायची, पिराला चिंधीही बांधायची. ती नेमकी कुणातली, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तिलाही नसावं, असं म्हणतात.

एका वर्षी शहरातून या दोघांमधल्या दंग्यांच्या बातम्या आल्या. मग घोड्यावरून झारचा एक अंमलदार आला. 'ते तुमच्यावर चालून येणार आहेत,' असं त्याने या काठावर सांगितलं आणि त्या काठावरही. खरं काय, कुणाला कळेना.

सकाळी दोन्हीकडचे पुरुष खंजीर घेऊन पुलावर आले, तोच धुकं उतरलं. स्वतःचा हात दिसेना. बाजारात सगळे एकच बोली बोलायचे, त्यामुळे शिव्यांवरूनही कोण कुणाचा ते उमगेना.

सोना धुक्यात शिरली. नुसतं डोकं चाचपून ती माणूस ओळखायची, असं म्हणतात.

"मुर्तुझ ना तू? जन्मताना आधी पाय बाहेर काढले होतेस. आता तेच घराकडे वळव."

"आजी, तू कुणाच्या बाजूची?" तो गोंधळून म्हणाला.

"बाजू? मला पूलसुद्धा दिसत नाहीये रे."

पुढे दुसऱ्या काठावरचा हाम्बार हाताला लागला. "तू तर जन्मल्यावर रडतच नव्हतास. मी तोंडात फुंकर घातली, ती असं ओरडायला?"

काही परत फिरले. काहींना दिशाच सापडेना. आणि कुणीतरी घाबरून खंजीर चालवला.

धुकं विरलं तेव्हा सोना पुलावर मरून पडली होती. प्रत्येकाने आपलं पातं पाहिलं. सगळ्यांच्या पात्यांना रक्त होतं. जे रिकाम्या हातांनी आले होते, त्यांच्या तळव्यांनाही. दुसऱ्या कुणाच्या अंगावर साधा ओरखडा नव्हता. एका म्हातारीच्या अंगात एवढं रक्त आलं कुठून?

तिला कुठल्या दफनभूमीत न्यावं, हे पाद्र्यालाही सांगता येईना आणि मुल्लालाही. शेवटी ओढ्यातल्या खडकाळ बेटावर तिला पुरलं.

पुढे झार गेला, माणसं पांगली, भांडणं पुन्हा झालीच. पण त्या गावात मूल जन्मलं की बाप अजूनही आधी ओढ्यावर जातो, सोनाचं नाव घेतो आणि कोपरापर्यंत हात धुतो. हात स्वच्छच असतात. तरी घरातून हाक येईपर्यंत तो धूत राहतो.