सुंद्राने उलटलेलं पान

ज्या काळी मीठ बैलांच्या पाठीवरून गावोगाव जायचं आणि परगावी गेलेल्या माणसाची खबर यायला वर्षं लागायची, त्या काळची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, आणि मोठ्यांनी तर जरूर ऐकावी, कारण यातली चूक मोठ्यांचीच आहे.

नदीकाठच्या एका गावात सुंद्रा नावाची बाई राहायची. बांबूच्या टोपल्या विणून पोट भरायची. हात चपळ, जीभ गोड. आणि डोळे असे, की दारात आलेली बाई टोपली मागायला आलीय की सुनेची कागाळी करायला, हे ती तोंड उघडायच्या आधीच सुंद्राला कळायचं.

त्या गावच्या आठवडी बाजारात एक म्हातारी यायची. चिंचेखाली घोंगडी अंथरून बसायची. तिच्याजवळ रंगवलेल्या पत्त्यांचा एक जुडगा होता. कापडाला खळ देऊन केलेली चाळीस पानं, आणि प्रत्येकावर एकेक चित्र. कुठे नाव, कुठे दिवा, कुठे बंद दार, कुठे वठलेलं झाड. लोक तिच्यापुढे बसून आपली अडचण सांगायचे. म्हातारी त्यांना एक पान काढायला लावायची आणि त्या चित्रावरून त्यांच्याशी बोलायची. उठून जाताना माणसाचा चेहरा जरा हलका झालेला असायचा.

सुंद्रा शेजारीच टोपल्या घेऊन बसायची. एक दिवस तिने विचारलं, "आजी, मला शिकवाल?"

"कशाला?"

"मलाही लोकांचं भलं करायचंय."

म्हातारीने तिच्याकडे नीट पाहिलं. "टोपल्या विणूनही लोकांचं भलंच होतं. खरं काय ते सांग."

सुंद्राने मान खाली घातली. "तुम्ही बोलता तेव्हा सगळे गप्प बसून ऐकतात. माझं कुणी तसं ऐकत नाही."

"निदान खरं बोललीस," म्हातारी म्हणाली. "ये उद्यापासून."

उन्हाळाभर शिकवणी चालली. रोज सकाळी सुंद्राने स्वतःसाठी एकच पान काढायचं, दिवसभर ते चित्र मनात घेऊन वावरायचं आणि संध्याकाळी काय काय मनात आलं ते म्हातारीला सांगायचं. सुंद्रा उतावीळ होती. तिला अर्थ हवे होते, तेही एका दमात.

"आजी, या नावेचा अर्थ काय?"

"तुला काय वाटतं?"

"प्रवास."

"आणि ज्याचा भाऊ नदीत बुडालाय त्याला काय वाटेल?"

सुंद्राने नावेचं पान खाली ठेवलं.

"म्हणून आधी समोरच्याला विचारायचं, तुला या चित्रात काय दिसतं. अगं, पानाला उद्याचं काही ठाऊक नसतं. कापडच ते, त्यावर रंग. पण माणूस मनातलं बोलायला बिचकतो. समोर चित्र असलं की त्याला तोंड फुटतं. आपण ऐकायचं. आपलं काम एवढंच."

सुंद्राने मान डोलावली. पण तिचं लक्ष दुसरीकडे होतं. समोर वाकून बसलेली माणसं आणि त्यांचे श्वास रोखलेले चेहरे तिला दिसत होते.

पावसाळ्याच्या तोंडावर म्हातारीचे गुडघे गेले. लेकीच्या गावी राहायला जाताना तिने जुडगा सुंद्राच्या हातात दिला.

"एक वर्ष फक्त स्वतःपुरतं पान काढ. दुसऱ्यासाठी नको. आणि पुढे कधी कुणी उद्याचं विचारलं, तर 'मला ठाऊक नाही' म्हण. हे शब्द फार जड जातात बाई. आत्तापासून सवय कर."

वर्ष कुठलं, महिनाही गेला नाही. कुंभारणीचं गाढव हरवलं आणि ती सुंद्राकडे आली. पान निघालं वठलेल्या झाडाचं. सुंद्रा म्हणाली, "जुन्या झाडाजवळ बघ." गाढव नदीकाठच्या म्हाताऱ्या वडाखाली सापडलं. आता उन्हापावसात गाढवं झाडाखालीच उभी राहायची, पण हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. गावभर बोभाटा झाला, सुंद्राचं पान खरं ठरतं!

मग रीघ लागली. सुंद्रा टोपल्या बाजूला ठेवून चिंचेखाली घोंगडीवर बसू लागली. म्हातारी विचारायची, सुंद्रा सांगायची. समोरच्याला काय ऐकायचं आहे ते तिला चेहऱ्यावरून कळायचं, तेच ती पानाच्या नावावर सांगायची. चार गोष्टी खऱ्या झाल्या, त्या लोकांनी लक्षात ठेवल्या. खोट्या झाल्या त्या विसरून गेले.

आता गिरजाचं ऐका. गिरजा ही सुंद्राची बालमैत्रीण. दोघी एका अंगणात सागरगोटे खेळत वाढल्या. गिरजाचा नवरा तीन वर्षांपूर्वी मिठाच्या तांड्याबरोबर गेला होता. आठ महिन्यांत येतो म्हणाला होता. तांडा पांगला आणि माणसाचा पत्ता नाही. गिरजा दुसऱ्यांच्या शेतात राबून एकटी दिवस काढत होती.

गावात एक विणकर होता. बायको वारलेली, माणूस सरळ. त्याने पंचांकरवी निरोप धाडला, "तिच्या मनात असेल तर पाट लावू, दुसरा संसार मांडू. नसेल तर माझा राग नाही." पंचांनीही हो म्हटलं.

गिरजाला काही सुचेना. बाजाराच्या दिवशी ती सुंद्रासमोर येऊन बसली. भोवती वीसेक बायका जमल्या.

"सुंद्रे, एवढंच सांग. धनी परत येतील का?"

गिरजाने पान काढलं. नाव निघाली.

सुंद्राने ते पान पाहिलं. तिला काहीच ठाऊक नव्हतं. 'मला ठाऊक नाही' हे शब्द जिभेपर्यंत आलेही. पण बायका माना लांब करून बघत होत्या. कालपर्यंत जिला सगळं दिसत होतं, तिला नेमकं आपल्या मैत्रिणीचं दिसू नये? आणि गिरजाला काय ऐकायचं होतं, ते तर तिच्या डोळ्यांत उघड होतं.

"येतील," सुंद्रा म्हणाली. "नाव काठाला लागायला आलीय. पळस फुलायच्या आत येतील."

गिरजाने तिच्या पायांवर डोकं ठेवलं. त्याच संध्याकाळी तिने विणकराला नकार कळवला.

दुसऱ्या दिवशी विणकर सुंद्राच्या दारी आला. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. "बाई, खरंच पान तसं म्हणालं का? म्हणालं असेल तर माझं काही म्हणणं नाही. तिचा माणूस तिला मिळावा. नुसतं खात्री करायला आलो."

अजून खरं सांगायला वेळ होती. सुंद्राने बांबूची कांब सोलता सोलता खालीच बघत सांगितलं, "पान तसंच म्हणालं."

पळस फुलला आणि झडला. गिरजा आली. "उशीर झाला असेल, नाही का ग?"

"वाटेत अडकलेत," सुंद्रा म्हणाली. "पुढच्या साली नक्की."

पहिलं खोटं चारचौघींच्या भिडेने बोललं गेलं होतं. दुसरं पहिल्याची लाज राखायला बोलावं लागलं. मग तिसरं, चौथं. दर साली गिरजा यायची, दर साली सुंद्रा नवं कारण द्यायची. कुठे बैलांच्या घंटा वाजल्या की गिरजा केस विंचरून, धुतलेलं लुगडं नेसून वेशीवर जाऊन उभी राहायची. तांडा निघून गेला की परत यायची. विणकराने दोन वर्षं वाट पाहिली आणि मग दुसरीकडे पाट लावला. त्याच्या अंगणात पोरं खेळू लागली. त्या अंगणावरून जाताना सुंद्रा भराभर पावलं उचलून चालायची.

गिरजाचा नवरा तांड्याबरोबर निघाल्याला अकरा वर्षं झाली तेव्हा एक मिठाचा व्यापारी गावात आला. गिरजाच्या नवऱ्याचं नाव ऐकून तो थबकला. "तो होय? निघाला त्याच साली घाटात तापाने गेला. मी स्वतः मूठमाती दिली. निरोप धाडला होता, पोचला नसावा."

गाव हळहळलं. गिरजा मात्र शांत होती. "तुमची काहीतरी चूक होतेय दादा," ती म्हणाली. "एका नावाची माणसं कितीतरी असतात. माझ्या धन्यांचं पानात आलंय."

हे ऐकून सुंद्रा दुसऱ्या पहाटेच निघाली. दोन दिवस चालत ती म्हातारीच्या लेकीच्या गावी गेली. म्हातारी अंथरुणाला खिळली होती. सुंद्राने सगळं सांगितलं. 

"जा, तिला खरं सांग," म्हातारी म्हणाली. "चारचौघांत बोलली होतीस, चारचौघांतच सांग."

"ती मला माफ करेल का आजी?"

"अजून उद्याचंच विचारतेस," म्हातारी म्हणाली आणि कूस बदलून भिंतीकडे तोंड करून पडली.

पुढच्या बाजारी सुंद्रा चिंचेखाली उभी राहिली. सगळ्यांदेखत गिरजाचे हात धरून म्हणाली, "गिरजे, त्या दिवशी मला काही दिसलं नव्हतं. मी ठोकून दिलं. त्यानंतर दर साली खोटं बोलले. मार मला, थुंक माझ्यावर, पण माझं ऐक. ते गेले ग. अकरा वर्षं झाली."

गिरजा मारेल, निदान रडेल असं तिला वाटलं होतं. गिरजा हसली. तिच्या गालावरून हात फिरवत म्हणाली, "त्या व्यापाऱ्याच्या बोलण्याने भ्यालीस होय? लोक तुला खोटी म्हणतील म्हणून? म्हणू देत. मी नाही म्हणणार."

"अगं, मी खरंच सांगतेय..."

"वेडी का तू? तसं असतं तर तू मला इतकी वर्षं थांबू दिलं असतंस?"



त्याच संध्याकाळी सुंद्राने सगळी पानं कुंभाराच्या पेटत्या आव्यात घातली. लोकांनाही तिची कबुली पटली नाही. ते म्हणाले, बघा, कसलाही मोठेपणा नाही बाईला. पानांवाचून सांग म्हणून लोक दारी येऊ लागले. एकेकाला हात जोडून परत पाठवता पाठवता तिची दोन वर्षं गेली. मग ती पुन्हा टोपल्या विणू लागली.

पुढे दोघीही थकल्या. गिरजाला चालवेना, तेव्हा सुंद्राने तिला आपल्या घरी आणलं. भाकरी भाजून ताट समोर ठेवलं की गिरजा विचारायची, "आले का ग ते?"

सुरुवातीला सुंद्रा खरं सांगायची. "ते गेले गिरजे." मग गिरजा ताट सरकवायची आणि भिंतीला टेकून बसून राहायची. एकदा तीन दिवस तिने पाण्याशिवाय काही घेतलं नाही. चौथ्या दिवशी सुंद्राने ताट वाढलं आणि तिच्यासमोर बसली.

"आले का ग?"

"येतील," सुंद्रा म्हणाली. "तू जेव."

गिरजा जेवली.

त्यानंतर नऊ वर्षं, गिरजाने डोळे मिटेपर्यंत, सुंद्राला ते वाक्य रोज बोलावं लागलं. आता भोवती बायका नव्हत्या, वाहवा नव्हती, आणि बोलायची इच्छा तर मुळीच नव्हती.

तात्पर्य: जे आपल्याला ठाऊक नाही ते ठाऊक असल्यासारखं सांगणारा, आपलं नव्हे, ऐकणाऱ्याचं आयुष्य पणाला लावतो.