बिनचालकाच्या टॅक्सीचा चालक

निम्म्या साताऱ्याला गाडी चालवायला शिकवणाऱ्या कुमुदताई खांबेटे यांचा पाय मोडला, तो नेमका बिनचालकाच्या टॅक्सीने. झेब्रा क्रॉसिंगवरून जाताना तिने त्यांना उडवलं. कंपनीने हात वर केले, तेव्हा ताई कुबड्या घेऊन स्वतःच कोर्टात उभ्या राहिल्या.

कंपनीचे वकील हेबळेकर मिशीतल्या मिशीत हसत म्हणाले, "साहेब, गाडीत आमचा एकही माणूस नव्हता. गाडी कॉम्प्युटरने चालवली. त्यात आमचा काय दोष? बाईंनी खुशाल त्याच्यावर दावा लावावा."

न्यायाधीशांनी ताईंकडे पाहिलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "मला मान्य आहे. म्हणजे चालक तो कॉम्प्युटर. वकीलसाहेब, तुमच्या बाकीच्या टॅक्सी कोण चालवतं?"

"तोच." हेबळेकरांची छाती फुगली. "गावातल्या झाडून सगळ्या टॅक्सी तो एकटा चालवतो. तीच तर आमची कमाल आहे."

"मग साहेब," ताई न्यायाधीशांना म्हणाल्या, "ज्या चालकाने माणसाला उडवलं, त्याला निकाल लागेपर्यंत एकही गाडी चालवू देऊ नका. एवढीच माझी विनंती."

"रास्त आहे," म्हणत न्यायाधीशांनी पेन उचललं.

सगळ्या टॅक्सी आजपासून उभ्या राहणार, हे मागच्या बाकावरच्या कंपनीच्या मॅनेजरच्या ध्यानात आलं. तो ताडकन उठला. "साहेब, थांबा. जबाबदारी आमची. भरपाई आम्ही देतो."

बाहेर आल्यावर त्याने अदबीने विचारलं, "ताई, घरी सोडू का?"

"सोडा की," ताई म्हणाल्या, "पण गाडी तुम्ही चालवा. चुकलात तर शेजारी मी आहेच."